वेळेचा वाटा : वाशिम जिल्ह्यातून एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके नव्या जिल्ह्यात आले. प्रशासनाच्या इतिहासात ही नोंद एवढ्यावर संपते. घराच्या उंबरठ्यावरून पाहिले तर मात्र ती पुढे चालू राहते. नोकरी वाशिमला आली आणि बिऱ्हाड अकोल्यालाच राहिले, अशी कुटुंबे तेव्हापासून आजवर आहेत. मुलांची शाळा, शिकवणी, आईवडिलांचा डॉक्टर, घराचा हप्ता हे सारे अकोल्यात. हजेरीचे मस्टर वाशिमला. मध्ये पातूर, मेडशी, मालेगाव असा सुमारे 80 किलोमीटरचा रस्ता. या रोजच्या येण्याजाण्याला आपल्याकडे ‘अपडाउन’ म्हणतात. सकाळी निघून कार्यालयाची वेळ गाठायची, संध्याकाळी परतीची गाडी धरायची. गाडी चुकली की मुलाच्या अभ्यासाची आणि म्हाताऱ्या आईच्या औषधाची वेळही चुकते. एका शासकीय निर्णयाने कितीतरी घरांचा दिवस असा नव्याने आखला गेला. नोकरी आणि घर यांचा मेळ कसा बसतो, किंवा का बसत नाही, हे समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी या रस्त्यावरूनच विषयात शिरावे, असे मला वाटते.

या विषयाला अलीकडे ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते नाव ऐकले की हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले लॅपटॉप डोळ्यांपुढे येतात. साहजिकच सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या वाचकाला हा आपला विषय वाटत नाही. तो समज दूर व्हावा, ही या लेखनामागची पहिली इच्छा आहे. दिवसाचे 24 तास पोटापाण्याचे काम, घरचे काम, विसावा आणि झोप यांत कसे वाटले जातात, ही वाटणी कोण करते आणि ती बदलायची झाली तर कुठे हात घालावा लागतो, एवढाच या अभ्यासाचा गाभा आहे. असा दिवस रिसोडच्या शिक्षिकेला असतो, मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरून रोजाने कामाला जाणाऱ्या बाईला असतो आणि कारंजाच्या कापड दुकानात गठ्ठे उलगडणाऱ्या पोरालाही असतो.

अडचण अशी, की या दिवसाचा अभ्यास वेगवेगळ्या दालनांत विभागला गेला आहे. कामगार कायद्याचे अभ्यासक कामाचे तास पाहतात. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र ‘वेळ-वापर’ मोजतात. स्त्री-अभ्यासात घरकामाची चर्चा होते, तर व्यवस्थापनाच्या वर्गात ताणतणावाची. चारही दालनांत मोलाचे काम झाले आहे, पण त्यांच्यात येणेजाणे थोडे. म्हणून नवख्या वाचकाने संकोच बाळगू नये. तुम्ही कोणत्याच एका दालनाचे नसाल तर चौघांनाही प्रश्न विचारू शकता, आणि या विषयातले पुष्कळसे चांगले प्रश्न असेच बाहेरून आलेले आहेत.

चर्चा सध्या ताजी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे मत मांडले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे 90 तासांचे आणि रविवारीही काम करण्याविषयीचे बोलणे देशभर गाजले. त्याआधी, 2024 मध्ये, पुण्यात नुकतीच नोकरीला लागलेली एक तरुण सनदी लेखापाल दगावली आणि तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने असंख्य घरांतली झोप उडवली. अशा वेळी वाद चटकन माणसांवर घसरतो : कोण कष्टाळू, कोण आळशी, कोणाला वेळेचे नियोजन जमते, कोणाला जमत नाही. माझा या विषयातला अनुभव वेगळे सांगतो. माणसाच्या स्वभावापर्यंत गोष्ट पोहोचण्याआधीच त्याच्या दिवसाचा मोठा भाग गाडीचे वेळापत्रक, बदलीचा आदेश, दुकानाचे शटर, पेरणीची वाफ आणि घरातली कामाची वाटणी यांनी ठरवलेला असतो. पाऊसपाणी सोडले तर यांतल्या बहुतेक गोष्टी माणसांनीच ठरवल्या आहेत, म्हणून माणसांना त्या बदलताही येतात. महाराष्ट्राने त्या बदलल्या आहेत, आणि त्याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे.

तो इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो. त्या काळी गिरणी उजेडावर चाले : पहाटे दिसू लागले की भोंगा, आणि अंधार पडेपर्यंत काम. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. 1881 चा पहिला कारखाने कायदा मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ कामगारांबद्दल तो गप्प होता. या शांततेत पहिला मोठा आवाज उठवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले हे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी 1880 मध्ये मुंबईत नेऊन चालवले. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या कारखाने आयोगापुढे ठेवले. वाचकांनी त्या निवेदनातल्या मागण्या आजच्या नजरेने जरूर पाहाव्यात. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची मर्यादा, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि काम करताना जायबंदी झालेल्याला भरपाई. वेतनवाढीच्या आधी इथे वेळ मागितलेली आहे. माणसाला स्वतःचा म्हणून दिवसाचा एक तुकडा हवा, ही जाणीव या निवेदनात जितकी स्पष्ट आहे तितकी आजच्या अनेक अहवालांतही सापडत नाही.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण रविवारची गरज त्यांना दुहेरी होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारच्या सुट्टीला मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी, 1891 च्या कायद्यात, साप्ताहिक सुट्टी आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. आज वाशिमच्या कलेक्टर कचेरीतला लिपिक रविवारी घरी गहू निवडतो किंवा मुलीला घेऊन बालाजीच्या दर्शनाला जातो, त्या दिवसामागे या सह्या आहेत. लोखंडे यांचे 1897 मध्ये, मुंबईच्या प्लेगच्या साथीत, निधन झाले. 2005 मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. शाळेच्या पुस्तकांत मात्र त्यांना अजून जागा मोठी हवी.

पुढचा टप्पा नवख्या वाचकांनी सावकाश वाचावा, कारण आजच्या मोबाइल फोनच्या प्रश्नाची किल्ली मला तिथे दिसते. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास आले. सूर्यास्ताने आपोआप पडणारी मर्यादा नाहीशी झाली आणि कामाचा दिवस पुन्हा चौदा-पंधरा तासांवर गेला, तोही बाराही महिने. कामगारांची काही चूक नव्हती आणि दिव्यांचीही नव्हती. नव्या साधनाने एक जुनी मर्यादा पुसली आणि तिच्या जागी दुसरी कोणी आखली नव्हती. ती आखायला 1911 चा कायदा यावा लागला, ज्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वॉशिंग्टन परिषदेत कुलाबा जिल्ह्यातले ना. म. जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. जगासाठी त्या परिषदेने 48 तासांचा आठवडा मान्य केला, भारतासाठी 60 तासांचा. 1922 च्या कायद्यात तो 60 तासांचा आठवडा आला, 1934 मध्ये 54 तास झाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने 48 तास. 1948 च्या कारखाने कायद्याने हेच प्रमाण पक्के केले. डॉ. आंबेडकरांचे आणखी एक काम इथे नोंदवायला हवे : 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले आणि 1929 मध्ये तो कायदा मुंबई प्रांतात झाला. कामाचा आणि घराचा संबंध आहे, हे कायद्याने मान्य करण्याच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा होता.

आता गिरणीतून वावरात येऊ. 2011 च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती आणि पाचांतली चार माणसे खेड्यांत राहत होती. इथल्या बहुसंख्यांच्या कामाला भोंगा नाही. सोयाबीन, तूर, कपाशी यांच्या हंगामाने वर्षाची विभागणी होते : पेरणी, डवरणी, निंदण, मग दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, पुढे कपाशीची वेचणी. सोंगणीच्या दिवसांत गुत्त्याने काम घेतलेली टोळी किती तास राबते हे कुठल्याही हजेरीपत्रकात नसते. जितके एकर उरकेल तितकी मजुरी. उन्हाळ्यात याच हातांना काम शोधावे लागते. तेव्हा वर्षाची सरासरी काढून ‘ग्रामीण भागात कामाचे तास कमी’ असा निष्कर्ष काढणारे लेखन वाचताना तुम्ही जरा थांबा. ज्या माणसाला ऑक्टोबरात श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मे महिन्यात फुरसतीचाच घोर लागतो, त्याच्या आयुष्यात समतोल आहे असे सरासरी सांगेल. तो स्वतः सांगणार नाही.

शेतीला आपले जुने नियम होते, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. सालदाराचा करार गुढीपाडव्याला व्हायचा, आणि त्यात धान्य, कपडे, सणावाराची सुट्टी यांची बोली असायची. त्या बोलीत सालदाराची बाजू दुबळी असे, म्हणून तिचे कौतुक करण्यासारखे थोडेच आहे. पण काम कुठे थांबावे याची बोली आधी करावी लागते, ही समज तीत होती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हा नियम मोडायची आजही वऱ्हाडात कोणाची छाती होत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर वावरात येत नाहीत, हेही मालक गृहीत धरतो. लिखित कायद्याच्या बाहेरची ही मर्यादा नोंदवून ठेवणे हे या जिल्ह्यातल्या तरुण अभ्यासकांसाठी अगदी हाताशी असलेले काम आहे, आणि मला ते फार हवेसे वाटते.

या सगळ्यात बाईचा दिवस वेगळा काढून पाहावा लागतो. वावरात निंदायला जाणारी बाई घरून निघते ती सकाळचा स्वयंपाक उरकून, पाणी भरून, डबा बांधून. परत येते ती चूल पेटवायला. कचेरीत जाणारीचे याहून फार निराळे नाही. देशपातळीवर हे मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न जुलै 1998 मध्ये, म्हणजे वाशिम जिल्हा झाला त्याच महिन्यात, सुरू झाला; पण त्या प्रायोगिक पाहणीतल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाची वेळ-वापर पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केली आणि 2024 मध्ये पुन्हा. तिची पद्धत साधी आणि सुंदर आहे. पहाटे 4 पासून दुसऱ्या पहाटे 4 पर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत मांडायचा आणि प्रत्येक खान्यात काय केले ते विचारायचे. सहा वर्षांवरील व्यक्तींत 2019 मध्ये 81.2 टक्के स्त्रियांनी आणि 26.1 टक्के पुरुषांनी विनामोबदला घरकाम केलेले आढळले. जे करतात त्यांच्यापुरते पाहिले तर स्त्रियांचा वेळ दिवसाला 299 मिनिटे होता, पुरुषांचा 97. 2024 च्या पाहणीत हेच आकडे 289 आणि 88 आले. हे वाचताना एक काळजी घ्या : ही सरासरी घरकाम करणाऱ्यांची आहे. चारांतल्या तीन पुरुषांचा रकाना 2019 मध्ये कोराच होता, म्हणून सगळ्या पुरुषांचा विचार केला तर अंतर दिसते त्याहून पुष्कळ मोठे निघते. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ झाली. काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले असे यातून म्हणता येत नाही. शेजारच्या बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. तुलनेचा हा प्रश्न वऱ्हाडात आकड्यांच्या आधी शब्दांत आला होता, याचा इथल्या वाचकांना अभिमान वाटावा.

मूल कुठे ठेवायचे, हा या विषयातला सर्वांत काटेरी प्रश्न. त्याचे सर्वांत समंजस उत्तर ज्या कायद्यात आले, तो खडी फोडणाऱ्यांसाठी होता, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, 1972 च्या दुष्काळाच्या झळांत, आकाराला आली. तिचा कायदा 1977 चा. 2005 मध्ये देशाने तोच धागा पुढे नेला आणि गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम, त्यापलीकडे दिले तर दहा टक्के जादा मजुरी, कामावर सावली, पिण्याचे पाणी, आणि सहा वर्षांखालची पाच मुले आईंबरोबर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी, अशी तरतूद केली. अंतर, सावली, पाणी, मूल : माणूस कामावर येतो तेव्हा घर मागे सुटत नाही, हे इथे स्वच्छ मान्य केलेले आहे. याउलट 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने 26 आठवड्यांची रजा आणली आणि पाळणाघर सक्तीचे केले ते 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना. वाशिमच्या पाटणी चौकात उभे राहून चहूकडे नजर टाकली तर 50 माणसे नोकरीला असलेली दुकाने किती दिसतील, याचा वाचकांनीच अंदाज करावा. रोजगार हमीतले पाळणे सगळीकडे हलले असे नाही. कागद आणि बांधावरची खडी यांत अंतर राहिलेच. तरीही पाच मुलांचा हिशेब धरणारा कायदा मला अधिक शहाणा वाटतो.

दुकानांचा उल्लेख आलाच आहे, तर थोडक्यात एवढेच : 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा ठेवली, पण ती कलमे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरती. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही संख्या 20 वर, दुकानांतला दिवस दहा तासांवर आणि कारखान्यांतला बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास मात्र तसेच ठेवले. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. तालुक्याच्या बाजारातल्या तीन-चार माणसांच्या दुकानापर्यंत यांतले काय पोहोचते, हा अभ्यास जवळपास अस्पर्शित आहे.

सरकारी नोकरी हा जिल्ह्याच्या ठिकाणचा मोठा आधार, म्हणून तिच्याकडे थोडे निवांत पाहू. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. दर शनिवारी सुट्टी आली आणि रोजची वेळ 45 मिनिटांनी वाढून सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 झाली. शाळा, रुग्णालये, पोलीस आणि अत्यावश्यक सेवा यातून वगळल्या गेल्या. मुंबईतल्या कर्मचाऱ्याचा हिशेब यात एक होतो, वाशिमला अपडाउन करणाऱ्याचा दुसरा. शनिवारी 160 किलोमीटरचा फेरा वाचला, हे खरे सुख. पण सव्वासहाला कचेरी सुटल्यावर अकोल्याच्या घरी पोहोचेपर्यंत मुलांची जेवणे झालेली असतात, आणि सकाळी पावणेदहाला वाशिमला हजर राहायचे म्हणजे घरातली चूल कितीला पेटते ते सांगायला नको. एकच नियम अंतर बदलले की वेगळा निर्णय होतो. मुख्यालयी राहण्याचा आग्रह धरणारे नागरिक आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहणारे कर्मचारी, दोघांचीही बाजू वाचकांनी सहानुभूतीने ऐकावी. गावाला ग्रामसेवक हवा असतो आणि ग्रामसेवकाच्या मुलीला चांगली शाळा; तालुक्याला चांगली शाळा मिळाली तर दोन्ही तक्रारी एकदम मिटतात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत हा विचार शासनाने काही प्रमाणात केलेला दिसतो. 2017 च्या बदली धोरणात अवघड आणि सर्वसाधारण अशी क्षेत्रे ठरली आणि पती-पत्नी एकत्रीकरणासाठी 30 किलोमीटरचे अंतर हा निकष धरला गेला. नवरा-बायकोच्या शाळा किती लांब असाव्यात हे किलोमीटरमध्ये लिहिणारे धोरण जगात फार नसावे. कौटुंबिक आयुष्याची शासनाने केलेली ती मोजणी आहे, आणि अभ्यासकाला ती सोन्यासारखी. 2018 मध्ये राज्यातल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. पुरुषाला ती पत्नी नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. मूल सांभाळणे हे आधी आईचे काम, ही समजूत या तरतुदीत तशीच राहिली आहे. ती बदलावी असे मला मनापासून वाटते.

मघाशी विजेच्या दिव्यांबद्दल लिहिले ते इथे उपयोगी पडते. शाळा सुटली तरी माहिती मागणारा संदेश गटावर येतो. अंगणवाडी सेविका बालकांचे वजन पोषण ट्रॅकरवर भरते, बरेचदा रेंज मिळेल त्या ठिकाणी उभी राहून. आशा ताईला रात्री अपरात्री बाळंतिणीच्या घरून फोन येतो आणि तो तिला उचलायचाच असतो. यांतला शेवटचा फोन आणि पहिला संदेश यांत फरक करता आला पाहिजे. बाळंतिणीला थांबता येत नाही, तक्त्याला येते. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे, ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये अशा हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. दिव्यांनी पुसलेली मर्यादा पुन्हा आखायला पाच-सहा वर्षे लागली. फोनच्या बाबतीत आपण अजून आखायला बसलेलो आहोत.

जिल्ह्याबाहेर गेलेल्यांना या अभ्यासातून वगळू नये. मंगरुळपीरचा अभियंता पुण्यात असतो, त्याचे आईवडील गावी. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या भागांतून तो गेल्याने दिवाळीला घरी यायचा वेळ कमी झाला. पण रजा किती मिळते हे रस्त्याच्या हाती नाही. कामाच्या जगात ‘कुटुंब’ म्हणजे नवराबायको आणि लहान मूल असे धरतात. आपल्याकडे त्यात वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, बहिणीचे लग्न आणि सोयाबीन घरात येण्याचा आठवडाही असतो. परदेशी पाठ्यपुस्तके वाचताना ही भर वाचकांनी आपल्या हाताने घालावी.

वाचायचे कुठून? आर्ली हॉकशील्ड यांचे ‘द सेकंड शिफ्ट’ हे 1989 चे अमेरिकी पुस्तक या विषयात अभिजात मानले जाते, नोकरी करून घरी आल्यावर सुरू होणाऱ्या बाईच्या दुसऱ्या पाळीविषयी. ते वाचावेच. पण त्याआधी लोखंडे आणि गिरणी कामगारांविषयी मराठीत जे मिळेल ते वाचा, म्हणजे हा विचार बाहेरून आला असे वाटणार नाही. त्यानंतर वेळ-वापर पाहणीचा अहवाल हाती घ्या. त्यातले तक्ते वाचायला सुरुवातीला रूक्ष वाटतात, पण आपल्या घरातली एक व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक रकाना भरत गेलात तर ते बोलू लागतात. शासन निर्णय आणि परिपत्रके मुळातून वाचायची सवय लावून घ्या. बातमीत सुट्टी छापून येते, अपवादांची यादी निर्णयातच असते.

आणि मग स्वतः नोंद करा. पहाटे 4 ते पहाटे 4 असा एक कागद आखून अर्ध्या तासाचे खाने पाडा. पहिला कागद स्वतःचा, दुसरा घरातल्या सर्वांत आधी उठणाऱ्या व्यक्तीचा. एकाच वेळी दोन कामे चालू असतील तर दोन्ही लिहा. मूल कडेवर घेऊन भाकरी थापणारीच्या खान्यात एकच शब्द लिहिला तर अर्धा दिवस गायब होतो. ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारू नका, बाया ‘काहीच नाही, घरीच असते’ असे सांगतात. ‘उठल्यावर आधी काय केलं, मग काय केलं’ असे विचारा. घरातल्या पुरुषासमोर विचारलेले आणि तो नसताना विचारलेले उत्तर वेगळे येते, तेही टिपून ठेवा. एका हंगामावर थांबू नका : सोंगणीच्या दिवसांत एकदा आणि चैत्रात पुन्हा. कार्यालयातल्या माणसाकडून भरून घेत असाल तर त्याच्या घरी थांबलेल्या माणसाचाही कागद त्याच दिवशीचा घ्या, म्हणजे एकाचा वाचलेला तास दुसऱ्या कोणाच्या खान्यात गेला आहे का ते दिसते. सहा तालुक्यांतून असे कागद जमले, शिक्षकांचे, मजुरांचे, दुकानातल्या पोरांचे, एस.टी.च्या वाहकांचे आणि घरी असणाऱ्यांचे, तर त्यांची प्रत जिल्हा ग्रंथालयात ठेवायला हवी; पुढच्या बदली धोरणाची किंवा गाडीच्या वेळेची चर्चा निघेल तेव्हा ते टेबलावर ठेवता येतील.